आयटीवाल्यांनी 'चार्टर्ड' व्हावं का? (यूके)

रेडिंगवाला

नमस्कार मंडळी,

मी इथे रेडिंगला सोल्यूशन आर्किटेक्ट आहे. पुण्यातून कंपनीने पाठवलं, मग इथेच दुसरी नोकरी धरली. आता आयएलआरही (इथे कायम राहण्याचा परवाना) झालंय, त्यामुळे व्हिसाची भानगड उरलेली नाही. परवा अप्रेझलमध्ये मॅनेजर म्हणाली, "तू चार्टर्डचं बघ, पैसे कंपनी भरेल." आमच्याकडे सरकारी खात्यांची आणि एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, कामं असतात. टेंडरला आम्हा लोकांचे सीव्ही जोडतात, तिथे नावापुढे चार अक्षरं असली की बरं दिसतं, असं तिचं म्हणणं.

बीसीएस या आयटी संस्थेचं सीआयटीपी (चार्टर्ड आयटी प्रोफेशनल) करावं की इंजिनियरिंग कौन्सिलचं चार्टर्ड इंजिनियर? की दोन्ही सोडून तोच वेळ ॲझ्युअर क्लाउडच्या पुढच्या परीक्षेला द्यावा? ज्यांनी केलंय त्यांनी लिहाच, पण ज्यांनी बघून सोडून दिलंय त्यांनीही लिहा. आत्मविश्वास वाढतो वगैरे ठीक आहे, मला नोकरीत, पगारात, रोजच्या कामात काय फरक पडला ते हवंय.

हिंजवडी_फेज_३

हे प्रकरण पहिल्यांदाच ऐकतोय. पुण्यात कुणाला सांगितलं तर एचआर विचारेल, कुठल्या युनिव्हर्सिटीचं? इथे नोटिस पीरियड किती आणि करंट सीटीसी किती, या दोन प्रश्नांच्या पुढे गाडी सरकत नाही. क्लाउडचं सर्टिफिकेट असलं तर निदान सीव्ही चाळणीतून पुढे जातो. यात परीक्षा असते का?

मृणाल_लीड्स

@हिंजवडी, युनिव्हर्सिटी नाही, संस्था आहे. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी, म्हणजेच बीसीएस, १९५७ ची. १९८४ मध्ये तिला रॉयल चार्टर, म्हणजे राजसनद, मिळाला आणि २००९ पासून ती 'बीसीएस, द चार्टर्ड इन्स्टिट्यूट फॉर आयटी' असं नाव लावते. चार्टर आहे म्हणून तिला 'चार्टर्ड आयटी प्रोफेशनल' हा किताब देता येतो.

घोकून पास व्हावं असं त्यात काही नाही. एसएफआयए नावाची कौशल्यांची एक चौकट आहे, त्यात जबाबदारीच्या सात पायऱ्या. पहिलीवर सांगितलं तेवढं करणारा, सातवीवर संस्थेची दिशा ठरवणारा. सीआयटीपीला पाचवी लागते. म्हणजे काम तुमच्या अखत्यारीत, निर्णय तुमचा आणि फसलं तर जाबही तुम्हालाच. केलेल्या कामाचे पुरावे लिहून द्यायचे, तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाने दुजोरा द्यायचा, मग असेसर तुमच्याशी बोलतात. मिळाल्यावर दरवर्षी वर्गणी आणि सीपीडीची (काय नवीन शिकलात त्याची) नोंद. वर्गणी थांबली की अक्षरं गेली.

@रेडिंगवाला, मी स्थानिक कौन्सिलमध्ये आहे आणि एक घोळ आधीच सोडवते. सरकारी नोकरी वेगळी, सरकारी टेंडर वेगळं. केंद्रीय खात्यांमध्ये डिजिटल आणि डेटाच्या भूमिकांसाठी त्यांची स्वतःची चौकट आहे, तुम्ही कुठल्या पायरीवर ते तिच्यावरून ठरतं. तिथे चार्टर असला काय, नसला काय. टेंडरचं गणित निराळं. कागद वाचून गुण देणाऱ्यांत सगळेच तांत्रिक नसतात. त्यांना 'इव्हेंट ड्रिव्हन आर्किटेक्चर' कळणार नाही, 'चार्टर्ड' कळतं. तुमची मॅनेजर चुकीचं सांगत नाहीये.

फटकळ_काँट्रॅक्टर

थोडं पाणी ओततो.

मी लंडनच्या बँकांमध्ये काँट्रॅक्टवर काम करतो. आजवर एकाही रिक्रूटरने हा प्रश्न विचारलेला नाही. रेट ठरतो तो आधी कुठल्या बँकेत होतास, अशी सिस्टिम लाइव्ह नेली आहेस का आणि काम आयआर३५ च्या (काँट्रॅक्टरला टॅक्ससाठी नोकर धरायचं का, हे ठरवणारा नियम) आत की बाहेर, यावर. लिंक्डइनवर नावापुढे अक्षरं लावणारे पाहिले की मला आपल्याकडच्या लग्नपत्रिका आठवतात, चि. अमुक, बीई, एमबीए, कंसात कंपनीचं नाव.

आपल्याकडे सीएला मान आहे तो सहीमुळे. १९४९ च्या कायद्याने संस्था उभी राहिली, आणि कंपनीच्या ऑडिटवर सीएशिवाय कुणाची सही चालत नाही. म्हणून पोरं आर्टिकलशिप करतात, अटेम्प्टवर अटेम्प्ट देतात. आयटीत असं एक काम दाखवा की जे चार्टर्ड नसलेल्याला करायला बंदी आहे. प्रॉडक्शनचा रूट पासवर्ड ज्याच्या हातात देतात त्याला कुणी कागद विचारत नाही.

आणि हे फक्त इथलं नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअरसाठी प्रोफेशनल इंजिनियरची परीक्षा २०१३ मध्ये सुरू केली. बसायलाच माणसं मिळेनात, २०१९ मध्ये गुंडाळली. कॅनडात उलटं, 'इंजिनियर' हा शब्दच कायद्याने राखीव. अल्बर्टात सॉफ्टवेअर कंपन्या आणि तिथली इंजिनियरांची संस्था यावरून कोर्टात गेल्या. शेवटी २०२३ मध्ये सरकारने कायदा बदलून सॉफ्टवेअर इंजिनियरांना त्यातून मोकळं केलं. धंद्याला हे नको आहे, एवढं सरळ आहे.

डर्बीचा_सिग्नल

सगळी आयटी बँकेत नसते हो, फटकळराव.

मी रेल्वे सिग्नलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. इथे गाडी कुठे थांबवायची हे कोड ठरवतो. आमच्याकडे सेफ्टीचे कागद तपासून त्यावर सही करणारा चार्टर्ड इंजिनियर असावा लागतो. कायदा नाही म्हणता ते बरोबर, पण ग्राहकाच्या करारात लिहिलेलं असतं, आणि करारात असलं की ते कायद्याइतकंच जड. डिफेन्स आणि अणुऊर्जेच्या जाहिराती उघडून बघा, 'चार्टर्ड, किंवा त्या वाटेवर' ही ओळ सर्रास दिसेल. तुम्ही सहीचं म्हणालात ना, ती सही इथे आहे.

@रेडिंगवाला, चार्टर्ड इंजिनियर बीसीएसमार्फतही करता येतं, मी आयईटी या इंजिनियरांच्या संस्थेमार्फत केलं. किताब एकच, कारण तो इंजिनियरिंग कौन्सिलचा आहे, संस्था फक्त तपासून शिफारस करते. अ पासून इपर्यंत पाच गट असतात: ज्ञान, डिझाइन, जबाबदारी, संवाद, नीतिमत्ता. शेवटचे दोन आपले लोक हलक्यात घेतात आणि मुलाखतीत तिथेच अडकतात.

आणि आपल्या डिग्रीची मेख. सरळ वाटेने जायला मान्यताप्राप्त मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण धरलं जातं. भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (एकमेकांच्या इंजिनियरिंग डिग्र्या मानायचा आंतरराष्ट्रीय करार) पूर्ण सदस्य झाला २०१४ मध्ये, तेही एनबीएने (कोर्सना मान्यता देणारी आपली संस्था) टियर-१ मध्ये मान्यता दिलेल्या कोर्सपुरतं. त्याआधीची पुणे विद्यापीठाची बीई असेल तर अर्ज सुटा तपासला जातो, मार्कशीटबरोबर सिलॅबसही मागू शकतात. कॉलेजच्या ऑफिसातून जुना सिलॅबस मिळवणं ही स्वतंत्र परीक्षा आहे. सीआयटीपीत डिग्रीचा एवढा काच नाही, अनुभव बघतात. आर्किटेक्ट असाल आणि हार्डवेअर, सेफ्टी यांच्याशी संबंध नसेल तर उगाच चार्टर्ड इंजिनियरच्या मागे लागू नका.

कॉव्हेंट्रीचा_पाहुणा

मी इथे एमएस्सी करतोय, ग्रॅज्युएट व्हिसावर जाणार आहे. हे केलं तर स्किल्ड वर्कर व्हिसाला पॉइंट मिळतात का? एका एजंटने सांगितलं की मेंबरशिप घेऊन ठेव, उपयोगी पडेल.

मृणाल_लीड्स

नाही. एक पॉइंटही नाही. त्या एजंटला पुढे एक पैसा देऊ नका.

स्किल्ड वर्करला स्पॉन्सर, कामाची पातळी, पगार आणि इंग्रजी लागतं. पगाराची सर्वसाधारण मर्यादा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जे जास्त असेल ते. नुकतंच शिक्षण झालेल्यांना सवलत आहे, ती नीट वाचा. सीआयटीपी तुम्हाला आत्ता मिळणारही नाही, पाचवी पायरी म्हटलं ना. नवख्यांसाठी आरआयटीटेक नावाची नोंदणी आहे, ती तिसऱ्या पायरीवर होते. पण आधी नोकरी.

वाचनमात्र_आजवर

मी आयटीतली नाही, इथे एका सॉलिसिटरच्या ऑफिसात काम करते. नवरा आयटीतला, म्हणून धागा वाचत होते. पोस्ट ऑफिसचं प्रकरण अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

हॉरायझन नावाची फुजित्सूची सिस्टिम. हिशोबात तूट दाखवायची, आणि खेड्यापाड्यांतल्या पोस्टमास्तरांवर चोरीचे खटले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. त्यांच्यात आपले भारतीय दुकानदारही कितीतरी. घरं गेली, काही तुरुंगात गेले. २०१९ मध्ये हायकोर्टाने सिस्टिममध्ये दोष होते हे मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा घाऊक रद्द केल्या.

यातली एक गोष्ट आयटीवाल्यांना सहसा ठाऊक नसते. १९८४ च्या पोलिस-पुरावा कायद्यात कलम ६९ होतं. कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर तो कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. १९९९ च्या कायद्याने ते कलम काढून टाकलं. तेव्हापासून कोर्ट धरूनच चालतं की मशीन बरोबर आहे, उलट सिद्ध करायचं ते आरोपीने. त्या गावच्या पोस्टमास्तरणीने सोर्स कोड कुठून आणायचा?

म्हणून कोर्टात तज्ज्ञ म्हणून कोण उभं राहतं याला आमच्याकडे फार किंमत आहे. समोरचा बॅरिस्टर पहिला घाव पात्रतेवर घालतो. तिथे "पंधरा वर्षं बँकेत होतो" पेक्षा "चार्टर्ड आहे, माझ्या संस्थेची आचारसंहिता मला लागू आहे" हे वजनदार ठरतं. असं काम करायचा विचार असेल तर जरूर करा.

फटकळ_काँट्रॅक्टर

तुमचा प्रतिसाद आवडला, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतंय. त्या सिस्टिममागे अनुभवी लोक होते, ऑडिटर होते, वकील होते. त्यातल्या वकिलांना तर कडक आचारसंहिता होती. तिने काय अडवलं? नोकरी देणाऱ्यालाच खरं नको असतं तेव्हा नावापुढची अक्षरं काय करणार?

डॉक्टरचं नाव जीएमसीने (इथली डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) काढलं तर त्याला दुसऱ्या दिवशी पेशंट तपासता येत नाही. बीसीएसने माझं नाव काढलं तर मी दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून तोच कोड लिहीन.

मृणाल_लीड्स

हे मात्र खरं, आणि बीसीएसला स्वतःलाही ते कळतंय. हॉरायझननंतर त्यांची मागणी तीच आहे की ज्या सिस्टिमवर लोकांचं आयुष्य अवलंबून आहे तिथली जबाबदार माणसं नोंदणीकृत असावीत. पण मागणी ती मागणी. सायबर सिक्युरिटीत ते थोडं पुढे गेलंय. यूके सायबर सिक्युरिटी कौन्सिलला २०२२ मध्ये वेगळा रॉयल चार्टर मिळाला, त्यांचा स्वतंत्र चार्टर्ड किताब आहे. रेडिंगवाले, तुमचं काम सिक्युरिटी आर्किटेक्चरकडे झुकणारं असेल तर तोही बघा.

भोसरी_एमआयडीसी

अवांतर वाटेल, पण चार्टर्ड इंजिनियर आपल्याकडेही आहेत बरं का. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स, १९२० ची, तिला १९३५ चा रॉयल चार्टर. ती 'चार्टर्ड इंजिनियर (इंडिया)' देते. आमच्या भागात त्याची व्यवस्थित मागणी आहे. सेकंडहँड मशीन बाहेरून आणलं की कस्टमला चार्टर्ड इंजिनियरचा दाखला लागतो, मशीन किती जुनं, किंमत किती, अजून किती वर्षं चालेल. ईपीसीजी या निर्यातदारांच्या योजनेत सवलतीत आणलेलं मशीन खरंच बसवलंय का, यालाही त्याचा दाखला चालतो. आमचे एक काका रिटायर झाल्यावर गोल शिक्का आणि बॅग घेऊन हेच करत फिरतात, नोकरीत होते त्यापेक्षा खुशीत आहेत. मशीनपाशी उभं राहून फोटो, नंबरप्लेटवरचा सीरियल नंबर वहीत, चहा, शिक्का.

म्हणजे फटकळ म्हणतात तेच. शिक्का लागतो तिथे शिक्केवाल्याला मान. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कस्टमवाला विचारत नाही.

सुलभा_मिल्टनकीन्स

इतका वेळ वाचत होते, आता राहवेना. मी सीआयटीपी आहे.

माझी पार्श्वभूमी वेगळी. सांगलीला बीएस्सी फिजिक्स, मग टेस्टिंगमध्ये शिरले, मुलं लहान असताना घरी होते, परत आले ती बिझनेस ॲनालिस्ट म्हणून. इथे माझ्या कॉलेजचं नाव कुणाला माहीत नाही, भारतातल्या कंपनीचं नाव माहीत नाही, डिग्री कॉम्प्युटरची नाही. फटकळ यांच्याकडे बँकांची नावं आहेत, ती त्यांच्यासाठी बोलतात. माझ्यासाठी बोलणारं काही नव्हतं. हा फरक धाग्यात आला नव्हता म्हणून लिहिते. आज मी एका युनिव्हर्सिटीत आहे, जाहिरातीत 'व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व असल्यास प्राधान्य' असं होतं. मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच बोलणं झालं. पगार त्यामुळे वाढला असं म्हणणार नाही, दार उघडलं.

पण अर्ज लिहिताना जे झालं ते सांगण्यासारखं आहे. आधी लिहिलं होतं: "आमच्या टीमने हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट सिस्टिमचं मायग्रेशन वेळेत व यशस्वीपणे पार पाडलं." ज्या बाई मला मदत करत होत्या त्यांनी पेन्सिलने 'आमच्या टीमने'वर गोल काढला आणि विचारलं, "हे टीमचं झालं. तू काय केलंस?" मी म्हटलं, सगळं मिळूनच केलं. त्या म्हणाल्या, "मग अर्ज टीमला करू दे."

आपल्याला 'मी केलं' लिहायची सवयच नाही. घरात शिकवलेलं असतं की मी मी करू नये. दोन-तीन संध्याकाळी जुनी ईमेलं उपसली. त्यातून जे निघालं ते असं: "जुन्या सिस्टिममध्ये एकाच पेशंटच्या दोन-दोन नोंदी होत्या. त्या जुळवल्याशिवाय डेटा हलवायला मी नकार दिला. गो-लाइव्ह पुढे ढकलावं लागलं. उशिराचं कारण आणि खर्च प्रोजेक्ट बोर्डापुढे मी मांडला. ज्या नोंदी आपोआप जुळत नव्हत्या त्या कुणी आणि कशा तपासायच्या हे मी ठरवून दिलं." हे सगळं मीच केलं होतं, आणि सीव्हीवर त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्या वेळी तर 'अडेलतट्टू' म्हणून बोलणी खाल्ली होती.

असेसरनेही मुलाखतीत नेमकं तेच उकरलं: नकार दिला तेव्हा वरचे काय म्हणाले, त्यांनी ऐकलं नसतं तर काय केलं असतंस? टूल कुठलं वापरलं हे कुणी विचारलं नाही.

@फटकळ, अक्षरं काय करणार म्हणता. काही नाही करणार. पण तेव्हा "नाही" म्हणायला जो धीर लागला तो अपघात होता. आता तो माझ्या कामाचा भाग आहे असं लेखी आहे, आणि वरच्यांनाही ते माहीत आहे.

फटकळ_काँट्रॅक्टर

@सुलभा, ईमेलं उपसायचा सल्ला घेतला. बाकी मतभेद कायम. तेच लिखाण करून सीव्ही सुधारा आणि वर्गणी वाचवा, असं मी म्हणेन. :)

मेलबर्नकर

ऑस्ट्रेलियाबद्दल थोडक्यात, कारण लोक गल्लत करतात. इथे आयटी व्यवसायातून स्किल्ड मायग्रेशनला ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडून स्किल असेसमेंट करून घ्यावं लागतं. ते चार्टर नाही, पण टाळता येत नाही. तुमच्या अनुभवातली सुरुवातीची काही वर्षं ते धरतच नाहीत, डिग्रीचा विषय कामाशी जुळत नसेल तर जास्त वर्षं जातात. डिग्री आयटीचीच नसेल तर दोन प्रोजेक्ट रिपोर्ट लिहावे लागतात. तिथेही सुलभाताईंनी सांगितलेलाच घोळ, अख्खा रिपोर्ट 'वुई'मध्ये. आणि मित्राचा रिपोर्ट कॉपी करू नका, ते तपासतात. यूकेचं सीआयटीपी आहे म्हणून हे असेसमेंट माफ होईल अशा समजुतीत राहू नका.

रेडिंगवाला

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच मिळालं. चार्टर्ड इंजिनियर बाद, माझ्या कामाचा सेफ्टीशी संबंध नाही आणि सिलॅबस आणायला कॉलेजात जायची ताकदही नाही. सीआयटीपीचा अर्ज करतोय. ॲझ्युअरची परीक्षा मात्र त्याआधी उरकतो, तिचं व्हाउचर संपत आलंय.

दोन शंका. दुजोरा देणारा माणूस जुना पुण्याचा मॅनेजर चालेल का? आणि कंपनी पैसे भरते म्हणजे टॅक्सचं काय?

मृणाल_लीड्स

पुण्याचा नको. ज्या कामांचे पुरावे देताय ती त्याने पाहिलेली हवीत. सध्याच्या क्लायंटकडचा कुणी मिळाला तर उत्तम. आणि मित्र नको, असेसरना गोडगोड पत्र लगेच कळतं.

डर्बीचा_सिग्नल

टॅक्सचं: स्वतःच्या खिशातून वर्गणी भरली तर सवलत मागता येते, बीसीएस एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, मान्य संस्थांच्या यादीत आहे. मागच्या चार वर्षांचीही मागता येते, बरेच जण मागतच नाहीत. कंपनीने भरली तर तुम्हाला काही मागता येणार नाही. फक्त नोकरी बदलताना लक्ष ठेवा, जुनी कंपनी वर्गणी बंद करते, आठवणीचं ईमेल जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर जातं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. नोंदणी करतानाच स्वतःचा ईमेल द्या.